आरे कॉलनीला जायचं

प्रिय आई,

आत्ताच घरी आलो. टीव्हीवर रविवारचा सिनेमा सुरू झालाय, हे आणि पल्लवी त्यासमोर बसलेत, आणि मी कुकरसुद्धा न लावता तुम्हाला लिहायला बसले. तुमच्या नातीचं अंगावर पिणं सुटलं हो! कुणी काही लावलं नाही, कुणी ओरडलं नाही, आपणहून सुटलं. ही बातमी तुमच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगू?

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. अजून थोडं थांबायला काय झालं होतं? "बघशीत तू, आपसूक सोडतला चेडू," असं इतकं ठासून सांगितलंत, आणि बघायच्या वेळी तुम्हीच नाही. याचा मला रागच आहे.

ते संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं? घर बायकांनी भरलेलं, आणि आपल्या साडेतीन वर्षांच्या बाईंनी माझा पदर ओढून सगळ्यांदेखत मागणी केली, "आई, दुदू." समोरच्या राणेकाकू म्हणाल्या, "अगं, एवढी घोडी झाली, अजून पाजतेस? कोरफड लाव की. कडू लागलं की दोन दिवसांत विसरेल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही तिळगुळाचा डबा त्यांच्यापुढे धरून एवढंच म्हणालात, "पिवंदे गो तेका. तुझा काय पिता?"

त्याच संध्याकाळी तुम्ही पल्लवीला मांडीवर घेतलंत. "दूध खंयसून येता?" ती म्हणाली, "आरे कॉलनीतून." रोज सकाळी तुमच्याबरोबर केंद्रावर दुधाच्या बाटल्या आणायला जाणारी ती, तिला ठाऊकच होतं. "मग चार माणसांत दुदू म्हणूचा नाय. आरे कॉलनीत जावचा, असा म्हणूचा." तिला ते इतकं आवडलं!

पण आई, दिंडोशीत राहून जिथे खरोखरच बस जाते तेच नाव कसं सुचलं तुम्हाला? स्टेशनला निघालो होतो आपण, आणि भर बसमध्ये हिने भोकाड पसरलं, "आरे कॉलनीला जायचं, आत्ताच्या आत्ता!" कंडक्टर माझ्यावरच डाफरला, "बाई, ही आरेला जात नाय. पोरीला कळतं, तुम्हाला कळत नाय? उतरा, समोरून दुसरी पकडा." आणि त्याने घंटी मारून बस थांबवली. त्याला काय सांगणार? उतरलो. तुम्ही तर हसून हसून खालीच बसलात. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर मी तिला घेतलं आणि तुम्ही पुढे पदर पसरून उभ्या राहिलात.

तुमचे चिरंजीव मात्र धुमसत होते. "उद्या शाळेत जाईल ती. लोक काय म्हणतील?" तुम्ही तांदूळ निवडत होतात, मान वर न करता म्हणालात, "तू शाळेतसून इलंस काय दप्तर टाकून पयलो खंय धावत होतंस, सांगू सगळ्यांक?" ते पेपर घेऊन गॅलरीत गेले आणि आठवडाभर त्या विषयावर बोलले नाहीत. मला हसू दाबायला मोरीत जावं लागलं.

तुमच्या तेराव्याला मात्र माझा धीर सुटला होता. तुम्ही गेल्यापासून पल्लवी दिवसभर मला चिकटलेली. तुमच्या नणंदबाई गावाहून डब्यात कोरफडीचं रोपटंच घेऊन आल्या होत्या. त्यांनी पान चिरून माझ्या हातात दिलं, "आज लाव, सुटशील." मी इतकी दमले होते की लावलंही असतं. तेवढ्यात हे बायकांच्या घोळक्यात आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ठेव ते. माझ्या आईने मला लावलं नव्हतं." ऐकलंत का हो तुम्ही ते?

आता आजचं सांगते. आठवडाभर तिने मागितलं नव्हतं. मीही विषय काढला नाही. सकाळी धावत आली, "आई, आरे कॉलनीला जायचं." म्हटलं, झालं, पुन्हा सुरू. भाजी चिरायची ठेवली, बसले, पदर सोडला. तर बाईसाहेब कमरेवर हात ठेवून म्हणतात, "तशी नाही गं. खरी आरे कॉलनी. बसने. म्हशी बघायला."

गेलो तिघं. म्हशी पाहिल्या, झाडं पाहिली. परतताना बसस्टॉपसमोरच्या पाड्यावर एक वासरू गाईला ढुसण्या मारत पीत होतं. पल्लवी थांबली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मी लहान होते ना, तेव्हा मीपण असंच प्यायचे."

लहान होते म्हणे! गेल्या आठवड्यात! बसस्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली. मी सवयीने ह्यांच्याकडे पाहिलं, आता चिडणार म्हणून. ते घसा खाकरून म्हणाले, "मीपण."

मी खूप हसले, आई. मग थोडं रडूही आलं. सुटलं याचा आनंद आहे, आणि सुटलं म्हणून मांडी रिकामी वाटते, हेही तुम्हालाच कळेल.

ते रोपटं मी फेकलं नाही. गॅलरीत लावलंय, चांगलं फोफावलंय. शेजारच्या बायका पान मागायला येतात. तुम्हाला शब्द देते, भाजलं-कापलं असेल तर लगेच देईन. पण कुणी दमलेली पोर त्या दुसऱ्या कामासाठी मागायला आली, तर तिला आत घेईन, चहा करीन, तुमची गोष्ट सांगेन आणि म्हणेन, थोडी थांब गो, आपसूक सोडतला.

तुमची,
सुलभा