साखरेच्या डब्याचं झाकण

रविवार, सतरा तारीख

प्रिय साखर,

तुला विसरायची सवय जुनीच, म्हणून मी कोण ते आधीच सांगून टाकते. मी खारट. बेकरीत तुझ्या शेजारच्या टेबलाशी कणीक मळायची, ती. तरीही आठवत नसेल तर चष्मा लाव. पण तुला आता चष्म्यानेही दिसत नाही म्हणे. बरं झालं. नात म्हणते, आजी, असं लिहायचं नसतं. मी म्हटलं, लिही.

मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, निम्मे दात गेले, जीभ तेवढी शाबूत आहे. तुझीही तब्येत चांगली असावी, निदान येत्या शनिवारच्या जेवणापर्यंत तरी.

तुझ्या सूनबाईचं आमंत्रण पोचलं. तू ऐंशीची होणार, म्हणून सगळ्या मैत्रिणींनी तुझ्या कौतुकाचं पत्र पाठवायचं, तेही हाताने लिहिलेलं, आणि ती माइकवर वाचून दाखवणार. सोबत जाडजूड दुधी कागदांचा गठ्ठाही पाठवलाय. मला लिहिता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तूच तर ते सगळ्या बेकरीला सांगितलंस. तेव्हा मी बोलतेय आणि नात लिहितेय. ती औषधांच्या दुकानात असते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तिचं अक्षरही आजारी पडलंय. सूनबाईंनी सावकाश वाचावं, पण काही गाळू नये.

तर आता कौतुक.

तू माझ्याशी कधी भांडली नाहीस. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. माझ्या नवऱ्याला ते जमलं नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला जमलं नाही. जिचं काही देणं लागतं तिच्याशी कोण भांडेल, असं माझ्या मनात यायचं, पण ते असो.

भेटायला आलीस की पिशवीत काहीतरी गोड असायचंच. मी ते कधी तोंडात घातलं नाही. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला द्यायची. तो फार लठ्ठ होऊन गेला. त्याच्यातर्फेही आभार.

आणि तुझं मन मोठं. त्या दिवशी मालकांसमोर तू माझ्यासाठी हात जोडलेस. वकीलसाहेबांच्या मुलीचा वाढदिवस होता, तीन मजली केक गेला होता. पहिला घास वकीलसाहेबांनी घेतला आणि त्यांचं तोंड असं झालं म्हणे, जणू समोरच्या वकिलाने खटला जिंकला. साखरेच्या जागी मीठ. मालक लालबुंद होऊन आले, तशी तू पुढे झालीस. "मालक, बिचारीला वाचता येत नाही. डब्यावरचं नाव तिला कसं कळणार? सांभाळून घ्या तिला."

मालकांनी सांभाळलं. मला पावाच्या टेबलावरून उचलून भांडी घासायला लावलं. पुढच्या महिन्यात केकचं टेबल माझ्या हाती यायचं होतं, हे तुला माहीत होतं. ते तुझ्या हाती आलं. साखरेचा डबा तुझ्या ताब्यात, म्हणून तू साखर झालीस, आणि माझं नाव खारट पडलं. पुढे तू स्वतःचं दुकान काढलंस, पाटीवर साखरमावशी. माझी लेक शाळेत गेली तर पोरं तिला खारटची पोर म्हणायची. ती घरी येऊन विचारायची, आई, तू काय केलं होतंस?

सूनबाई, इथून जरा आवाज चढवा. सासूबाई म्हणतील, पुरे, उरलेलं नंतर. तुम्ही वाचा.

डब्यांवर नावं नव्हतीच. नावं झाकणांवर होती. आदल्या संध्याकाळी झाकणं धुवायला काढली होती आणि सकाळी ती तू परत लावलीस, साखरेचं मिठावर आणि मिठाचं साखरेवर. मी समोर ट्रे पुसत होते, मी पाहिलं, पण मला काय कळणार कोणतं कुठलं, ते केक खारट निघाल्यावर उमगलं. मग झाकण वाचून डबा उचललास तो तूच. केकही तूच कालवलास. मी त्या दिवशी पावाच्या टेबलाला होते, पण ते मालकांनी विचारलंच नाही. मी चिमूटभर जिभेवर ठेवल्याशिवाय काही कालवत नाही, ही माझी सवय तुला माहीत होती.

हे मी तेव्हाच बोलू शकले असते. पण तुला सातवा महिना होता आणि तुझा नवरा घरी बसून होता. सूनबाई, त्या पोटात तुमचे हे होते. मी म्हटलं, बाळंतपण होऊ दे, मग ही स्वतःच सांगेल. मग म्हटलं, पोर चालायला लागू दे. आता तो माइक भाड्याने आणतोय, मी अजून थांबलेय.

नोकरी, नाव, ते सगळं एकवेळ गिळलं असतं. त्या संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस, मला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "रडू नकोस गं. माझा काही राग नाही तुझ्यावर." तू मला माफ केलंस, साखर. तेवढं मात्र मला अजून गिळता आलेलं नाही.

हे पत्र आधी घरी वाचून होणार, हे मी जाणून आहे. चाखल्याशिवाय तू लोकांपुढे काही ठेवत नाहीस. एक तो केक सोडला तर. तेव्हा माझं पत्र माइकवर नकोच. शनिवारी तू उठायचं, मुलाचा हात धरून उभं राहायचं आणि झाकणांची गोष्ट आपल्या तोंडाने सांगायची. माझं जे नाव आईबापांनी ठेवलं होतं, ते घेऊन. ते विसरली असलीस तर आठव, अजून सहा दिवस आहेत.

सूनबाईंनी कागद सढळ हाताने पाठवलेत. उरलेल्या कागदांवर मी आपल्या बाकी मैत्रिणींना एकेक पत्र लिहवून घेतलंय. प्रत्येकीचं मनापासून कौतुक आहे आणि शेवटी तुझी गोष्ट आहे. पाकिटं माझ्या उशाशी आहेत. ती टपालात जायची की कचऱ्यात, ते तू ठरव.

उत्तर लिहू नकोस. मला वाचता येत नाही आणि नात मऊ काळजाची आहे, वाईट बातमी गोड करून वाचेल.

दुकान, मुलगा, सून, सगळं तुला लाभो. मला माझं नाव तेवढं परत दे.

तुझी,
(इथे माझा अंगठा आहे. पुसट वाटला तर भांडी घासून झिजलाय असं समज.)

ता. क. उत्तराऐवजी केक पाठव. सगळ्यांसमोर सांगून झालं असेल, तर स्वतःच्या हाताने साखरेच्या जागी मीठ घालून कर. दिसत नाही ही सबब नको, चिमूट जिभेवर ठेवलीस की कळतं. गोड आला, तर नात लगेच टपालपेटीकडे निघेल. खारट आला, तर मी कण सांडणार नाही. तुकडा मोठा पाठव.