नुकसान किरकोळ

११ जून, मंगळवार

प्रिय दादा,

तू बरा असशील असं धरून चालते. आम्ही दोघी ठीक आहोत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते मामाकडून कळलं असेलच. जखम भरली, पण पाय अजून पुरता वाकत नाही. आठवड्यातून दोनदा तिला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागतं. माझी नोकरी तीच. सकाळी सहाला निघायचं, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायचे.

फोन करणार होते. पण माझा नंबर बघून तू उचलणार नाहीस. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तर बातमी अशी, की मार्चमध्ये मी गाडी घेतली. सहा वर्षं वापरलेली, करड्या रंगाची. दलालाने विम्याच्या नोंदीचा कागद स्वतःहून पुढे केला. 'अपघात एक. पुढची बाजू. नुकसान किरकोळ. दुरुस्ती पूर्ण.' मला वाटलं, लपवत नाही म्हणजे माणूस सरळ आहे. तू असतास तर आधी गाडीखाली शिरला असतास. मी रंग बघितला आणि आईला नीट बसता येतं का ते बघितलं. पाय लांब करायला जागा मिळते म्हणून ती पुढे, माझ्या शेजारीच बसते.

मला एवढंच विचारायचं आहे, की एअरबॅग नसेल तर गाडी चालवावी का.

असं अर्धवट विचारून तुला काय कळणार. नीट सांगते.

गेल्या महिन्यात आईच्या समोरच्या भागात, कप्प्याच्या वरती, काहीतरी खडखडायला लागलं. "उंदीर शिरला असेल," आई म्हणाली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने वरचं झाकण उचकटलं आणि बॅटरी मारली. मग हात घालून त्याने आतून एक टॉवेल ओढून काढला. निळ्या काठाचा, व्यवस्थित घडी घातलेला. जिथे एअरबॅग असते तिथे टॉवेल कोंबला होता. धोक्याचा दिवा पेटू नये म्हणून त्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडून टाकली होती. खडखडत होता तो एक सुटलेला स्क्रू.

"किरकोळ धक्क्याने बॅग फुटत नाही, ताई," तो म्हणाला. "आणि खालचा दांडा वेल्डिंग करून जोडलेला दिसतोय. पण तुमच्या कागदावर किरकोळच आहे ना? मग जशी आली तशी जाऊ द्या."

दलालाकडे गेले. तो म्हणाला, "मी कागद दाखवला होता. खाली सही तुमचीच आहे."

आई अजून त्याच सीटवर बसते. आजही बसली. तिला मी काही सांगितलेलं नाही. पुढचा ट्रक थांबला की माझा एक हात आपोआप तिच्या छातीसमोर आडवा जातो. "हे काय नवीन?" ती विचारते. मी गिअर बदलल्यासारखं करते. तळव्यांना इतका घाम येतो, की नमुने घेताना हातमोजे चढत नाहीत.

आणि आता जे सांगायचं टाळत होते ते.

परवा रविवारी, गाडी विकायची म्हणून मी दिलेली जाहिरात वाचून, एक बाई आल्या. त्या शिवणकाम करतात. शिवलेले कपडे शाळाशाळांत पोचवायला त्यांना गाडी हवी आहे. सोबत वडील होते, निवृत्त पोस्टमन. ते सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसले. बाईंनी सीटच्या कडेवरून बोट फिरवलं आणि थांबल्या. "ही शिवण कारखान्यातली नाही," त्या म्हणाल्या. "उसवून पुन्हा घातलीय. अपघात झाला होता का?"

मी म्हटलं, "बंपर घासला होता. बाकी काही नाही."

वाक्य ओळखलंस ना. गणिताच्या सरांना गाडी विकताना तू हेच म्हणाला होतास, आणि मी तुझ्याच गॅरेजात बिलं लिहीत बसले होते. सर निघाले तशी मी त्यांच्या मागे रस्त्यावर गेले आणि त्यांना खरं सांगितलं. मग परत येऊन, चार गिऱ्हाइकं उभी असताना, "माझा भाऊ लोकांच्या जिवाशी खेळतो," असं बोलले. सहा महिन्यांत गॅरेजला कुलूप लागलं. तू गाव सोडून दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये हाताखाली राहिलास. चार वर्षं झाली त्याला.

त्या बाई येत्या रविवारी गाडी न्यायला येणार आहेत. काय करायला हवं ते मला माहीत आहे, ते विचारत नाही. विचारायचं ते दुसरंच. सरांना ते वाक्य बोलल्यावर तुझ्या घशाखाली घास उतरला होता का? माझ्या उतरत नाही.

उत्तर आलं नाही तरी समजून घेईन.

धाकटी


२१ जून, शुक्रवार

प्रिय दादा,

तुझं पत्र काल मिळालं. मायना नाही, खाली सही नाही. 'टॉवेल फेकू नकोस, पुरावा आहे. सीटचा पट्टा पूर्ण ओढून बघ, अडकला तर तोही गेलाय. गाडी चालवत आणू नकोस, टेम्पोवर चढवून माझ्याकडे पाठव. दांडा मी बघतो. आईला त्यात बसवायचं नाही.' आणि अगदी तळाशी, वेगळ्या शाईने, 'नव्हता उतरला.'

ते दोन शब्द वाचून मी स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते कोण जाणे. कुकरची शिट्टी आईने येऊन बंद केली.

पट्टा अर्ध्यावर अडकतो. तेवढं बघण्यापलीकडे मी गाडीला हात लावलेला नाही. नमुने गोळा करायला पुन्हा बस धरते.

आता तिकडचं सांगते. बाईंकडे जायला शनिवार उजाडला. त्याआधी चार दिवस रोज त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होते. शनिवारी टॉवेल पिशवीत घातला, नोंदीचा कागद घेतला आणि दुकानात शिरले. त्या मशीनवर होत्या, वडील बटणं लावत होते. मी टॉवेल टेबलावर ठेवला आणि तो कुठून निघाला ते सांगितलं.

त्यांनी हातातली शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला. मग उठून दुकानाचं दार लोटून घेतलं. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मग विचारलं, "त्या दिवशी विचारलं होतं ना मी?"

"हो."

"मग?"

"भीती वाटली. गाडी माझ्याच गळ्यात राहील म्हणून."

"आणि माझ्या गळ्यात पडली असती तर?"

त्या पुढे म्हणाल्या, "कुणी विचारलं की व्यवहार का मोडला, तर मी खरं ते सांगेन." मी म्हटलं, "सांगा." बटण हातातच धरून वडील म्हणाले, "तुमच्याकडे त्या सीटवर कोण बसतं?" मी म्हटलं, "आई." "तिला सांगितलंत?" मी नकारार्थी मान हलवली. "मग आमच्याकडे आधी कशाला आलात," ते म्हणाले, "घरी जा."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने टॉवेल हातात घेऊन उलटापालटा केला. "तरीच तुझा हात मध्ये यायचा," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "दादाला कळवलंस?" कळवलं म्हटल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चार वर्षांत तिने तुझं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. मला वाटायचं, ती माझ्या बाजूची आहे. ती कुणाच्याच बाजूची नव्हती रे.

दलालाविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे. काय होईल ते होईल. गाडी सोमवारी टेम्पोवरून निघेल. तुला जोडण्यासारखी वाटली तर जोड, नाहीतर मोडीत काढ. ती पुन्हा विकायची झाली तर कागदावर काय लिहायचं ते आपण दोघं मिळून लिहू.

सरांना मी सांगितलं ते बरोबरच होतं, दादा. आजही सांगेन. पण दार लोटून घेण्याइतकी समज त्या शिवणकाम करणाऱ्या परक्या बाईला होती, आणि मी, सख्खी बहीण, तुला चारचौघांत बोलले. मला तेव्हा बरं वाटलं होतं. तू खोटा आणि मी खरी, याचं बरं वाटलं होतं. त्याची माफी मागते आहे. कितीदा तरी लिहून खोडलं, म्हणून हा कागद असा दिसतोय.

मंगळवारच्या दुपारच्या बसने आम्ही दोघी येतोय. आईला पायऱ्या चढता येत नाहीत, तेव्हा स्टँडवर ये. तू आला नाहीस तर आम्ही बाकावर बसून राहू, घाई नाही.

तुझ्याहून फार वेगळी नसलेली,
तुझी धाकटी