अपर्णा उकरत का नाही

३ मार्च
साडू कुमारने कामथडीहून कुटुंबाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला: त्याची राणी माती उकरते आहे. राणी आणि माझी अपर्णा, दोघी बिअर्डेड ड्रॅगन, एकाच ठिकाणाहून आणलेल्या. माझी पत्नी रत्ना त्यांना दाढीवाले सरडे म्हणते. सर्वांनी बदाम पाठवले. रत्नाने तीन.
माती अर्ध्यात कापलेल्या निळ्या पिंपात आहे. अभिरुचीविषयी न बोललेले बरे.

५ मार्च
अपर्णा खात नाही. दिवसभर तिच्या काचघराची भिंत खरवडते. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितले की पोटात अंडी आहेत, नराविनाही होतात. घालायला वीतभर खोल, ओलसर माती मिळाली नाही तर ती अडकतील आणि जिवावर बेतेल. कोरडी वाळू नको, पोटात जाते.
संकल्प: उभ्या भोर तालुक्यात नसेल अशी पेटी. कुमारने पाहून खजील व्हावे.

८ मार्च
उत्रोलीहून बिनफवारणीची माती आणली. मैद्याच्या चाळणीने चाळली, कढईत भाजली, निवल्यावर ओलावली. मुठीत दाबली की गोळा व्हावा, इतकीच ओल. रत्ना म्हणाली, आता माझ्या कढईत सरड्याचा शिरा व्हय?
माती पेटीत भरली, पेटी अपर्णेच्या काचघरात ठेवली, पृष्ठभाग पट्टीने सपाट केला. देखणा. चित्रीकरणासाठी मोबाईल स्टँडवर लावून समोर बसलो. अपर्णेने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे. संध्याकाळ झाली.

१० मार्च
कॉलेजातून परतलो तर पेटीच्या कोपऱ्यात भगदाड. रत्ना बोटे घालून ओल बघत असणार. तिला बहिणीच्या घरचे पिंप अधिक प्रिय. खड्डा बुजवला, पट्टी फिरवली.

११ मार्च
पुन्हा खड्डा, कालच्याहून खोल आणि वाकडा. पुन्हा बुजवला. रत्नाला विचारले नाही. संशय बोलून दाखवणे माझ्या संस्कारात बसत नाही.

१३ मार्च
अपर्णा हलत नाही. डोळे खोल गेले आहेत. पेटी मात्र निर्दोष.
पट्टी फिरवताना रत्नाने पाहिले आणि किंचाळली. अवो, तुमी कॉलेजला गेला की ती बिचारी घर खणती, आन् तुमी येऊन बुजवताय व्हय? मला वाटलं, माती आपोआप खचती! तिने अपर्णेला ओढणीत गुंडाळले, कुमारला फोन लावला. टेम्पो दारात आला.
माझी भूमिका मी स्पष्ट केली: वाकडा बोगदा ढासळला असता. टेम्पोत कोणी ऐकले नाही.

१४ मार्च, कामथडी
मला ओट्यावर बसवले आहे. पिंपाच्या खोलीत सर्वांनाच बंदी. कुमार तेवढा दाराच्या फटीतून बघतो. मी डोकावलो, तर मेव्हणी वैष्णवी म्हणाली, दाजी, बाळंतिणीकडं असं कोण टक लावून बगतं का? लाज न्हाई वाटत? डॉक्टरेट मिळवल्यापासून माझ्याशी असे कोणी बोललेले नाही.
दुपारी कुमारची आरोळी: मोकळी झाली!
पूर्वतयारी तिने माझ्या मातीत केली होती, हे कुणाच्या ध्यानात आले नाही.
कुमार बाहेर आला. अपर्णा त्याच्या छातीवर, डोळे मिटून, निवांत. म्हणाला, घ्या की पाव्हणं, तुमचीच लेक हाय. मी हात पुढे केला. तिने डोळे उघडले आणि तिची दाढी काळीकुट्ट झाली. राग आला की या जातीची दाढी काळी पडते, असे वाचले आहे.
ओट्यावर सावली होती. तिचा परिणाम असावा.