उंबऱ्याबाहेरचा परिचारक

४ एप्रिल १९८८

आज सोनगीरजवळच्या या छोट्या धर्मादाय रुग्णालयात रुजू झालो. इथला पहिला पुरुष परिचारक मी! मेट्रन यशोदाबाई तोंडभर हसून म्हणाल्या, ‘‘चला, ऑक्सिजनची नळकांडी उचलायला हक्काचा माणूस आला.’’ मीही हसलो. पण परिचर्या म्हणजे ताकद नव्हे, हे त्यांना समजावून सांगण्याची मला आतापासूनच घाई झाली आहे.

एक उदाहरण घेऊ. अर्धांगवायूच्या रुग्णाला कुशीवर कसे घ्यावे? त्याचा पलीकडचा गुडघा दुमडावा, एक हात खांद्यावर, दुसरा कमरेवर ठेवावा आणि त्याला अलगद आपल्याकडे वळवावे. पाठीशी उशीची गुंडाळी लावावी. ओठांचा कोपरा खाली येईल असा चेहरा ठेवावा, म्हणजे लाळ श्वासनलिकेत न उतरता बाहेर येते. किती सुंदर आणि तर्कशुद्ध क्रिया आहे ही! हे शिकताना बाईपण कुठेच लागले नाही.

पुरुष कक्षात खुबा मोडलेले आधारनाना आहेत, आणि मोहाच्या झाडावरून पडून पाठीचा कणा दुखावलेला, सातपुड्याच्या पायथ्याचा चैत्राम आहे. नाना मला ‘डाक्टर’ म्हणाले. मी नर्स असल्याचे समजावून सांगितले, तर म्हणाले, ‘‘आरे भाऊ, नर्स ते बाई ऱ्हास. तू डाक्टरच शे.’’ नर्स म्हणजे बाईच, या त्यांच्या हिशेबावर सगळा कक्ष हसला. पुढच्या वेळी मी दुरुस्ती केली नाही.

८ एप्रिल

व्हरांड्यापलीकडे स्त्री कक्ष आहे. मी पाऊल टाकताच तिथे सगळे पदर खाली येतात. भिकुबाई नावाच्या वृद्धेची उजवी बाजू लुळी पडली आहे, वाचा गेली आहे, आणि जवळचे कोणी नाही. तिला स्वतःचा पदर ओढता येत नाही. म्हणून मी दिसताच शेजारच्या खाटेवरची द्रौपदाबाई तो ओढते, थेट हनुवटीपर्यंत. तिचा चेहरा मी पाहिलेला नाही.

तिथल्या सिस्टर इंदिराबाई मला म्हणाल्या, ‘‘ब्रदर, तुम्ही आपले उंबऱ्यावरूनच विचारत जा.’’ पुरुष डॉक्टर चालतो, मग पुरुष परिचारक का नको, हे मी त्यांना मुद्देसूद मांडून दाखवले. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, ‘‘डॉक्टर आजार बघतो, भाऊ. तुम्ही अंग पुसणार.’’ बायका पदराआड खुदखुदल्या. मी उंबऱ्यावरूनच मागे फिरलो.

१३ एप्रिल

दुपारी इंदिराबाई मुलीच्या आजारपणासाठी धुळ्याला गेल्या आणि दोन्ही कक्ष माझ्याकडे आले. वीज गेलेली, पत्रे तापलेले. मी स्त्री कक्षाच्या उंबऱ्यावर उभा राहून सगळे ठीक आहे ना, असे विचारले. द्रौपदाबाई पदराआडून म्हणाली, ‘‘बठ्ठं बरं शे.’’

भिकुबाई पाठीवर होती. पदर तोंडावर. गिळता न येणाऱ्या रुग्णाला पाठीवर ठेवू नये, हे मी झोपेतही सांगेन. पदराखालून घरघर ऐकू आली. ती घोरते आहे असे मला वाटले. नाही, घोरते आहे असे मला वाटून घ्यायचे होते. पुढे जाऊन तिचे तोंड पुसले असते, तर बायका पुन्हा हसल्या असत्या. पलीकडच्या कक्षात मी ‘डाक्टर’ होतो. मी तिकडे परतलो.

संध्याकाळी धुळ्याहून परतलेल्या इंदिराबाईंनी पदर काढला. पदराचे टोक तिच्या तोंडात ओढले गेले होते.

१४ एप्रिल

मला कोणी दोष देत नाही. मेट्रन म्हणाल्या, वयच झाले होते. द्रौपदाबाई तेवढी हळूच म्हणाली, ‘‘तुम्ही परत येश्यात, म्हनीसन पदर तसाच ऱ्हाऊ दिधा.’’

मी परत येईन, असे तिला वाटले होते.

१८ एप्रिल

जेवून कक्षात आलो, तर सगळे रुग्ण कुशीवर. पाठीशी उशीची गुंडाळी, ओठांचा कोपरा खाली, तोंडे पुसलेली. तंतोतंत माझी पद्धत. पण ते मी केलेले नव्हते. चादरी मात्र एकाच बाजूने खोचलेल्या.

चैत्राम म्हणाला, एक बाई येऊन गेली. हनुवटीपर्यंत पदर. उजवा हात लोंबत होता. सगळे डाव्याने केले.

नानांसारख्या थोराड माणसाला एका हाताने वळवता येत नाही. हे मी शास्त्रशुद्ध सिद्ध करून दाखवू शकतो.

२१ एप्रिल

ती रोज दुपारी येते. आज मेट्रननी कक्ष पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘‘पुरुष असून बाईची माया आहे हो तुमच्या हाताला!’’ मी नम्रपणे मान खाली घातली.

आणखी एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. दुपारी मी आता कक्षात जात नाही. ड्यूटीच्या खोलीत चहा घेत बसतो. काम होऊन जाते.

२४ एप्रिल

चैत्रामने सांगितले, ती वाकली की तिची पाठ दिसते. लुगडे पाठीला चिकटलेले, आत हाडापर्यंत जखम. पडून पडून होते तशी.

एका माणसाचे आटोपले की ती जमिनीवर उताणी पडते, म्हणाला. वाट पाहते. कोणी येत नाही. मग उठून पुढच्या खाटेकडे जाते. ती कोणाची वाट पाहते, असे त्याने मला विचारले.

नाना दुपारभर चादर तोंडावर घेऊन पडतात. चादर काढा, असे मी त्यांना बजावले — दारातून.

२६ एप्रिल

चैत्राम हाका मारून सांगतो आहे, आज कोणालाच कुशीवर घेतलेले नाही. नाना कण्हत आहेत. जायला हवे.

ती ड्यूटीच्या खोलीत आहे. माझ्या आणि दाराच्या मधे, फरशीवर, पाठीवर. घरघर—

ओलांडून जाता येईल. पाय उचलला. नानांकडे जाणे हेही कामच, असे मनाशी मांडूनही झाले. मुद्देसूद.

नाही.

नंतर

गुडघा. खांदा. कंबर. अंग थंड असेल असे वाटले होते. गरम आहे. तापलेले. रुग्णाचे असते तसे. मी बोललो — बाई, मी परिचारक आहे, डॉक्टर नाही. कुशीवर घेतो. वळली. किती हलकी—

पाठ पाहिली. लिहिणार नाही.

घरघर थांबत नाही. पदर ओला, आत ओढला जातो आहे. तो काढल्याशिवाय तोंड पुसता येणार नाही. हात पुढे जात नाही — लाज नव्हे आता, भीती. खाली कोणता चेहरा, किती दिवसांचा—

वही फरशीवर ठेवून लिहितो आहे. लिहितो तेवढा वेळ पदर काढावा लागत नाही. हेही टाळणेच. तिला कळले. डाव्या हाताने माझे मनगट धरले आहे. ओढत नाही. नुसते धरले आहे, रुग्ण धरतात तसे.

कापसाचा बोळा घेतला. पदर वर करतो आहे. हनुवटी — ओठ — बाई, तुम्ही हसत—