पऱ्हाट्यांवरचं भरीत

राजदीप,
तुझा फोन लागत नाही म्हणून लिहितेय. नानांना दम लागलाय. दवाखान्यात नेतेय, रिक्षा दारात उभी आहे. रस्त्याच्या कामाची धूळ आणि मागच्या प्लॉटवर फुललेलं गाजरगवत, यामुळे त्यांची छाती आठवडाभर घरघरतच होती. पण तुझ्या पाहुण्यांना गॅसवरचं भरीत चालणार नव्हतं. मी बाजारात गेले तेवढ्यात, मुलाचे पाहुणे म्हणून, नानांनी गच्चीवर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि धुरात बसून सगळी वांगी भाजली. दम लागल्यावर ओढायचा त्यांचा पंप रिकामा निघाला. नवीन आणायला तुला सांगितलं होतं म्हणे.
वांगी लाकडी बडगीत ठेवलीत, सोलून ठेचून घे. पुऱ्या तळून ठेवल्यात.
पंपाचं त्याला कळू देऊ नको, असं नाना धापा टाकत दोनदा म्हणाले. मी लिहून ठेवतेय.
प्रज्ञा