बांधावरची बाभळ

मंगळवार, मे महिना. भूमजवळ, आत्याच्या घरी.

बांधावरची बाभळ आज मीच तोडली. लिहून टाकतो, नाहीतर उद्या मामांच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, नावावर ढकलीन.

मामांच्या खव्याच्या भट्टीला सरपण कमी पडलं होतं. सकाळी गावात एक बाई सांगायला आल्या होत्या, ऊन वाढतंय, लाकूड जाळणं कमी करा. त्यांच्या चपलेला पिन लावलेली होती, माझं निम्मं लक्ष तिकडंच. मामा उठून म्हणाले, "ओ बाई, आमच्या एका भट्टीनं दुनिया तापती व्हय? विमानं उडिवत्यात त्यांला सांगा की!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. त्याच भरात कुऱ्हाड घेतली.

आत्या रोज दुपारी म्हैस घेऊन त्या बाभळीखाली बसते, हे मला काय ठाऊक नव्हतं? मग का तोडली?

आज म्हैस सवयीनं तिथंच गेली आणि बुंध्यापाशी उन्हात उभी राहिली. आत्यानं ओढली तरी हलेना. जेवताना पण मला ती म्हैसच दिसत होती. दुनियेचं मला कळत नाही, पण तिथलं ऊन मीच आणलं.

मी म्हणालो, "आत्या, पाऊस पडला की दुसरी लावतो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "लाव की बाबा. पर तू कुठं इथं थांबतूस? पाणी कोण घालणार, तुझे मामा?"

उद्या तुळजापूरला घरी परत जायचं म्हणून मी पिशवी भरून ठेवली होती, आणि ती तिनं पाहिली होती.