माझ्या पश्चात चतुराबाईंची किडनी

मी, डॉ. सूर्यभान सिताराम खिल्लारे, वय ५२, धंदा मूत्ररोग शस्त्रक्रिया, राहणार परभणी, माझ्या हयातीनंतरची तजवीज येथे लिहून ठेवतो. हृदय थकले आहे, डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही.

१. राहते घर व दवाखान्याची इमारत पत्नी मनकर्णा हिची. इमारत विकावी की ठेवावी, हे तिला कोणी शिकवू नये. मी मद्रासला दुर्बिणीने मूतखडा काढायला शिकत होतो, ते वर्ष तिनेच निभावले.

२. माझे पदवीपत्र मुलीला. त्यावर विद्यापीठाचे नामांतराआधीचे जुने नाव आहे. नवे नाव यंदा जानेवारीत मी पाहिले, माझ्या वडिलांना पाहता आले नाही. हे तिने लक्षात ठेवावे.

३. मेहुणे बन्सीधर यांचा खडा मी १९८९ साली पाठीतल्या बोटभर छिद्रातून काढला. तो कुळथाच्या पाण्याने विरघळला, असे ते आजही सांगतात. खडा माझ्या टेबलाच्या खणात, बाटलीत आहे. तो त्यांना द्यावा. राग नाही.

४. दुर्बीण व सर्व हत्यारे माझा शिष्य डॉ. भुजंग याला. सोबत एक जबाबदारीही.

चुडाव्याच्या चतुराबाई या माझ्या परभणीतील पहिल्या दुर्बीण-शस्त्रक्रियेच्या रुग्ण. साल १९८७. रक्तस्राव सुरू झाला. नवी पद्धत पाहायला आलेले बाहेरगावचे डॉक्टर बघत उभे होते. सिस्टर सरजाबाई म्हणाल्या, "सर, आता थांबा. उघडून करा." फजिती नको म्हणून मी आणखी वीस मिनिटे हट्ट धरला. शेवटी मोठा छेद घेतलाच. जीव वाचला, डावी किडनी काढावी लागली.

तिसऱ्या दिवशी खाटेजवळ बसून मी त्यांना सांगितले, "चूक माझी आहे. मी वेळेवर थांबलो नाही."

त्या म्हणाल्या, "एक राह्यली ना? मंग तिला आता तुमीच सांभाळा."

१९९१ साली त्या राहिलेल्या किडनीतही खडा झाला. मी मुंबईसाठी चिठ्ठी लिहून दिली, ती त्यांनी परत केली. "तिथं मला कोण वळखतंय? तुमी आता थांबायला शिकलाव."

शेवटी शस्त्रक्रियेला मीच उभा राहिलो. सरजाबाईंना सांगून ठेवले, तुम्ही म्हणाल तिथे थांबेन. त्या दिवशी त्यांना तसे म्हणावे लागले नाही.

भुजंगने दर सहा महिन्यांनी चतुराबाईंना तपासावे. पेरणीच्या दिवसांत त्या येत नाहीत, तेव्हा आपण चुडाव्याला जावे. पाणी किती पितात, हे सुनेला विचारावे. स्वतः त्या खोटे सांगतात.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करतो.

(सही) सूर्यभान सिताराम खिल्लारे

साक्षीदार:
१. (सही) तात्याराव कोंडिबा कदम, शिक्षक, पाथरी
२. (सही) दत्तराव ग्यानोबा शिंदे, औषध विक्रेते, परभणी

परभणी, ६ मार्च १९९४